पाव चमचा मीठ

टोचायचं होतं रुंजीला, माझ्या भाचीला.
म्हापशात, मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानावरची खोली,
आगाऊ भरलेले पैसे, परत न मिळणारे.
सुई बघितली आणि रुंजी म्हणाली, मावशी, मी खाली थांबते.
पैसे वाया कशाला घालवायचे, म्हणून
सत्तेचाळिसाव्या वर्षी मी त्या खुर्चीत बसले.

उजव्या कानाचा वरचा काठ.
"इथं मांस नसतं, वेळ लागतो," हातमोजे काढत ज्युलिएटा म्हणाली.
किती?
"सहा महिने. कधी वर्ष. घाई केली तर जास्त."
आमच्या मामलेदार कचेरीत फायलीलाही एवढाच लागतो, मी म्हटलं.
ती हसली नाही. तिनं एक कागद दिला.

पहिल्यांदा टोचले तेव्हा मी बारा दिवसांची होते.
शेटानं सोन्याची तार ओवली, आईनं खोबरेल लावलं,
मी रडले म्हणतात. मला कुणी विचारलं नव्हतं.
या खेपेला मीच मला विचारलं,
आणि बराच वेळ उत्तर आलं नाही.

कागदावर आहे ते सगळं करते.
उकळून गार केलेलं पाणी, कपभर,
त्यात पाव चमचा मीठ, आयोडीन नसलेलं.
डिचोलीच्या बाजारात तसलं मिळेना.
पण माझ्या माहेरच्या, आगरवाड्याच्या मिठागरातलं
जाडं, करडं मीठ अजून बरणीत आहे.
त्या आगरात भावानं आता मासे सोडलेत.
म्हणजे ही शेवटची बरणी,
माझ्या कानावर संपतेय.

फातर्पेकरबाई म्हणाल्या, हळद लाव.
शेजारची आल्सिना म्हणाली, फेणीचं एक बोट.
कागद म्हणतो, काही लावू नका, फिरवू नका, हात दूर ठेवा.
सकाळी काठावर पिवळसर खपली धरते,
नखाला मोह होतो, मी नख मुठीत घेते.
अबोली माळत नाही, दोरा अडकतो.
एकदा टॉवेलचा धागा अडकला,
न्हाणीत उभ्या उभ्या मी आईला हाक मारली,
जी नाही.
फोन आता डाव्या कानाला.
त्या कानानं बहीण जास्त दमलेली ऐकू येते.

आणि उजव्या कुशीवर झोपू नये.
ही ओळ मी वाचून न वाचल्यासारखी केली होती.

उजव्या कुशीला भिंत आहे.
अकरा वर्षं मी भिंतीकडे तोंड करून झोपते.
भांडण नाही. ठरवलंही नाही.
खाण बंद पडली, तो घरी बसला,
मी पगार आणत राहिले,
एका रात्री कूस बदलली, ती तशीच राहिली.

आता डावी कूस. समोर तो.
तोंड उघडं, हात छातीवर, बसमध्ये पिशवी धरावी तसे.
दाढी पांढरी. कधी झाली?
तिसऱ्या रात्री त्याचे डोळे उघडे होते.
चोरी पकडल्यासारखे आम्ही दोघंही.
"दुखता?" त्यानं विचारलं.
काय, ते मी विचारलं नाही.
थोडं, म्हटलं.

ज्युलिएटानं बजावलं होतं,
बाहेरून आधी भरतं, आतली वाट ओलीच असते.
बरं वाटलं की लोक कडी काढतात, तिथं फसतात.
कडी मुद्दाम लांब घातलीय तिनं,
सुजेला जागा सोडून.

आज पहाटे स्वयंपाकघरात उजेड होता.
गॅसवर पाणी, ओट्यावर बरणी,
हातात चमचा धरून तो उभा.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"पाव म्हणल्यार सपाट, काय शिगोशीग?"